नऊ बँडवाला नको, ताई

पत्र इंदूरच्या लोकमान्य नगरातून आलंय. लिहिणाऱ्या ताई बँकेतून नुकत्याच रिटायर झाल्यात, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं:

"दादा, मला स्वतःसाठी एक शॉर्टवेव्ह रेडिओ घ्यायचाय. आमच्याकडे बाबांचा मर्फी होता, त्यावर रेडिओ सिलोन आणि बीबीसी हिंदी ऐकत मोठी झाले. मुलगी पुण्याहून म्हणते आई फोनवर अ‍ॅप टाक, कशाला डबा घेतेस. हे हसतात. महाराणी रोडवर दुकानदाराने नऊ बँडचा, ब्लूटूथ आणि टॉर्चवाला सेट दाखवला, म्हणाला सगळी दुनिया पकडतो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, गच्चीची किल्ली सोसायटीकडे. आता शॉर्टवेव्हवर काही उरलंय का? कोणता घेऊ? ते एसएसबी काय असतं, लागेल का? आणि बाबांचा मर्फी अजून माळ्यावर आहे, तो चालू होईल का?"

ताई, सगळ्यात आधी कडू गोळी. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला बंद झालं, कायमचं, तेव्हा त्यासाठी रेडिओ घेत असाल तर पैसे राहू द्या. सिलोनचंही तेच समजा, म्हणजे ते स्टेशन आहे पण तुमच्या आठवणीतलं सिलोन नाही. बिनाका गीतमाला, म्हणजे सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम, १९५२ मध्ये तिथे सुरू झाली ती मुळात आपल्या आकाशवाणीच्या कृपेने, त्या काळात केसकर माहिती-प्रसारण मंत्री होते, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलेच मराठी, त्यांना आकाशवाणीवर सिनेमाची गाणी नको होती म्हणून लोक दर बुधवारी कोलंबोला कान लावून बसायचे. मग १९५७ मध्ये विविध भारती आली आणि १९८९ मध्ये गीतमालाच विविध भारतीवर आली. आता जुनी गाणी ऐकायला इंदूरात १०१.६ एफएम पुरे, त्याला शॉर्टवेव्ह लागत नाही.

मग उरलंय काय? तर बरंच उरलंय, फक्त वेगळं आहे. चीनचं रेडिओ इंटरनॅशनल इतकं जोरात येतं की टाळू म्हटलं तरी टळत नाही, हिंदीतही आहे. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस इंग्रजीत आपल्या भागासाठी अजून आहे. व्हिएतनाम, तुर्कस्तान, रुमानिया, उत्तर कोरिया, ही मंडळी आहेत. अरबी, फारसी, पश्तो रोज संध्याकाळी. ख्रिश्चन धार्मिक स्टेशनं भरपूर, आपल्याकडच्या भाषांमध्येसुद्धा. आकाशवाणीचं शॉर्टवेव्ह पूर्वीपेक्षा खूप आटलंय, ऑस्ट्रेलियाने तर २०१७ मध्येच गाशा गुंडाळला. म्हणजे तुम्हाला एखादा ठरावीक कार्यक्रम हवा असेल तर मुलगी म्हणते ते बरोबर, अ‍ॅपवर तो जास्त स्वच्छ ऐकू येतो. पण संध्याकाळी बटण फिरवत बसायचं, काय सापडतंय बघायचं, मध्येच कुठलं तरी अनोळखी संगीत लागतं ते कुठून येतंय हे शोधायचं, ही जर मजा हवी असेल तर ती अ‍ॅपमध्ये नाही. तुमच्या पत्रावरून मला तरी दुसरंच वाटलं, म्हणून पुढे लिहितोय.

मुलीला मात्र एक काम सांगा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर आहे, ब्राउझरमध्ये उघडतो, फुकट. तिथला खराखुरा शॉर्टवेव्ह रिसीव्हर तुम्ही इथून माउसने ट्यून करता, जगभरचे लोक एकाच वेळी आपापलं ऐकत असतात. ते आठवडाभर खेळून बघा. स्टेशनं युरोपातली जास्त येतील पण फेडिंग, म्हणजे आवाजाचं चढणं-उतरणं, कसं असतं, बँड कसा दिसतो, एसएसबी काय प्रकार आहे, सगळं पैसे न घालवता कळेल, आणि आठवड्यात कंटाळा आला तर तेही कळेल.

आता तो नऊ बँडवाला. नको. दुकानदार खोटं बोलत नाहीये, तो सेट खरंच बरंच काही पकडतो, भानगड ही की काय पकडतोय ते तुम्हाला कधीच कळणार नाही. काटा बारीक, डायल बोटभर, त्या बोटभरात पन्नास स्टेशनं कोंबलेली, नखाएवढं फिरवलं की तीन देश ओलांडले. वर अशा स्वस्त सेटमध्ये एकच स्टेशन दोन ठिकाणी लागतं, खऱ्या जागेपासून ९१० किलोहर्ट्झवर त्याचं भूत निघतं, कारण आतली मधली फ्रीक्वेन्सी ४५५ असते आणि तिच्या दुप्पट अंतरावरचं सेटला नीट गाळता येत नाही. दुकानात "बघा मॅडम किती स्टेशनं" म्हणतात त्यातली अर्धी ही भुतं असतात. ब्लूटूथ, टॉर्च, पेन ड्राइव्ह, वर सोलर पट्टी, यातल्या एकानेही रिसेप्शन सुधारत नाही, उलट आतल्या आत खरखर वाढू शकते.

तुम्हाला हवा तो सेट असा: फ्रीक्वेन्सी आकड्यात दाखवणारा, आणि आकडे दाबून थेट तिथे जाता येणारा. बस, ही एक अट पक्की धरा, बाकीचं मागेपुढे झालं तरी चालेल. बँकेत आयुष्य गेलं तुमचं, आकड्यांशी भांडण नसेल. तुम्हाला २५ मीटर, ४१ मीटर आठवत असतील, नवीन सेट किलोहर्ट्झमध्ये बोलतो, पण हिशेब सोपा आहे, ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की मीटर येतात. १२ मेगाहर्ट्झ म्हणजे २५ मीटर. ३१ मीटरचा बँड साधारण ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झ, ४१ चा ७२०० ते ७४५०, ४९ चा ५९०० ते ६२००.

दुसरं, बाहेरची अँटेना लावायला सॉकेट असावं. तिसरं, बॅटरी अशी की जी आपल्या गावात मिळते.

नावं घेऊनच सांगतो, नाहीतर पुन्हा पत्र येईल. टेकसन पीएल-३३०, एक्सएचडेटा डी-८०८, आणि साधा हवा असेल तर टेकसन पीएल-३८०. तिन्ही चिनी, तिन्ही आतून डीएसपी चिपवर (सिग्नल आकड्यांत बदलून हाताळणाऱ्या) चालतात म्हणून लहान आणि आवाक्यातले. पीएल-३८० ला तीन पेन्सिल सेल लागतात, वापरायला सगळ्यात सोपा, स्वतःच बँड चाळून स्टेशनं साठवून ठेवतो, पण एसएसबी नाही आणि बाहेरच्या अँटेनाचं सॉकेटही नाही, वायर चिमट्याने दांडीलाच लावावी लागते. डी-८०८ ला बटणं मोकळी, सॉकेट आहे, एसएसबी आहे, बॅटरी १८६५० नावाची, जी मिळते पण नकली फार मिळते, सेलवर लिहिलेले अचाट आकडे वाचून भुलू नका. पीएल-३३० ला बीएल-५सी लागते, म्हणजे जुन्या नोकियाची बॅटरी, जेल रोडला मोबाईलच्या कुठल्याही दुकानात विचारा. मी तुमच्या जागी असतो तर पीएल-३३० घेतला असता, फक्त एक गोष्ट बघून, त्याची बटणं बारीक आहेत आणि एकेका बटणाला दोन-दोन कामं, दाबून धरलं की वेगळं. चष्म्याचा नंबर आणि बोटांचा त्रास असेल तर सरळ डी-८०८. किंमत मी लिहीत नाही, रोज बदलते, कुरिअर आणि ड्युटी मिळून आकडा कुठल्या कुठे जातो. ऑर्डर करताना दोनच गोष्टी बघा, परत घेतात का, आणि बॅटरी सोबत येते की नाही, कारण लिथियम बॅटरी विमानाने पाठवायची कटकट असते म्हणून काही जण ती काढून पाठवतात.

महागड्या सेटांची नावं मुद्दाम घेत नाही. सोनीचा आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआर जुन्या बाजारात दिसला तर लोक तुमच्या कानात भरवतील, सेट खरंच उत्तम होता, पण कंपनीने बनवणं बंद केलंय, आतले कपॅसिटर म्हातारे झालेत, पहिल्या रेडिओला ही डोकेदुखी कशाला. आणि डीआरएमच्या, म्हणजे डिजिटल पद्धतीच्या प्रसारणाच्या, भानगडीत तर बिलकुल पडू नका, साध्या सेटवर ते स्टेशन आलं तर नुसती भरभर ऐकू येते, सेट बिघडला असं समजू नका एवढंच.

एसएसबी. रेडिओ स्टेशनं ऐकायला ते लागत नाही, हे आधी. हॅम लोक (हौसेने रेडिओवरून एकमेकांशी बोलणारे), विमानांचे लांब पल्ल्याचे संदेश, समुद्रावरची जहाजं, हे सगळे कमी पॉवरमध्ये लांब पोचावं म्हणून सिग्नलचा अर्धाच भाग पाठवतात, तो साध्या सेटवर बदक बोलल्यासारखा ऐकू येतो, एसएसबी चालू केलं आणि बारीक ट्यून केलं की माणूस बोलायला लागतो. त्या अर्ध्या भागाचेही दोन प्रकार, खालचा एलएसबी आणि वरचा यूएसबी. संध्याकाळी ७००० ते ७२०० च्या मध्ये एलएसबी लावून फिरा, भारतातले हॅम हिंदी-इंग्रजीत गप्पा मारताना सापडतील, अँटेना काय लावली, जेवलात का, असलं सगळं. ६६७६ वर यूएसबी लावलं तर विमानतळांचं हवामान वाचून दाखवणारा आवाज येतो, मुंबईचंही येतं. (या यूएसबीचा चार्जिंगच्या पिनशी काही संबंध नाही, घाबरू नका.) ऐकायला लायसन्स लागत नाही, बोलायला लागतं. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरायचं ते पुस्तक तुमच्या बाबांकडे नक्की असणार, ते प्रकरण १९८० च्या दशकातच संपलं. तर एसएसबी लागेल का, आज नाही, सहा महिन्यांनी कदाचित हो, आणि पीएल-३३० आणि डी-८०८ दोन्हीत ते असतंच, म्हणून हो म्हणून टाका.

आता खरा विषय, ज्याच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही. ताई, शहरात रेडिओ कोणता यापेक्षा तो कुठे ठेवता यावर जास्त अवलंबून आहे. मर्फीच्या काळी घरात वाजणारी वस्तू म्हणजे पंखा आणि फार तर मिक्सर. आता एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, वायफायचा राउटर, इन्व्हर्टर, इंडक्शन शेगडी, टीव्ही, शेजाऱ्याचं सोलर, खाली ई-स्कूटरचं चार्जिंग, या सगळ्यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते आणि ती सगळी खरखर शॉर्टवेव्हमध्ये येते. त्यात आपल्या इमारती आरसीसीच्या, सळयांच्या जाळीतून सिग्नल आत येता येता अर्धमेला होतो. अशा खोलीत महागातला महाग सेट नुसता खरखर जास्त जोरात ऐकवतो, लोक मग सेट बदलतात, खोली बदलत नाहीत.

हे तपासायचा उपाय घरातच आहे. रेडिओ बॅटरीवर चालवा, चार्जर लावून कधीच ऐकू नका, दोन स्टेशनांमधल्या रिकाम्या जागी लावा, आणि घरच्यांना सांगून मेन स्विच पाडा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद, नाहीतर परीक्षा खोटी. खरखर पडली तर चोर तुमच्याच घरात आहे, मग एकेक एमसीबी चालू करत जा, कुठे परत येते बघा, बहुतेक वेळा एखादा स्वस्त चार्जर किंवा बाथरूमचा एलईडी निघतो. खरखर तशीच राहिली तर चोर बाहेर आहे आणि मग तुमच्या हातात जागा बदलणं एवढंच. प्रत्येक खिडकीत जाऊन बघा. पाच पावलांत फरक पडतो, खरंच पडतो. यांना हसू द्या, मेन स्विच पाडल्यावर टीव्ही बंद होईल तेव्हा बघू.

गच्चीची किल्ली मिळवाच. सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगा डिश लावायची नाहीये, कपडे वाळवायच्या दोरीएवढी वायर आहे. गच्चीवर नुसती दांडी बाहेर काढूनही बरंच येईल. त्यापुढे जायचं असेल तर पाच-सात मीटर साधी प्लास्टिकचं आवरण असलेली बारीक वायर घ्या, एक टोक सॉकेटला नाहीतर चिमट्याने दांडीला, दुसरं जेवढं उंच आणि मोकळं जाईल तेवढं. वीस-तीस मीटर टाकू नका, लहान सेट इतक्या सिग्नलने गुदमरतात आणि सगळी स्टेशनं एकमेकांत मिसळतात, तसं झालं आणि सेटवर तसं बटण असेल तर ते डीएक्स (लांबची स्टेशनं) वरून लोकलवर आणा. विजेच्या तारांजवळून वायर नेऊ नका, खालूनही नाही वरूनही नाही. आणि जूनमध्ये ढग गडगडायला लागले की वायर काढून ठेवायची, ऐकायचं बंद, आपल्याकडे माळव्यात पहिल्या पावसाची वीज कशी कोसळते ते तुम्हाला माहीत आहेच. संक्रांतीच्या आसपासही काढा, मांजा कुणाची वायर बघत नाही.

शहराबाहेर जायचा योग आला, चोरल, जानापाव, मांडू, तर रेडिओ पर्समध्ये टाका. तोच सेट तिथे ऐकला की वाटतं कुणी दुरुस्त करून दिला.

कधी ऐकायचं हे पण लिहितो कारण नवीन माणूस दुपारी बाराला ४९ मीटर लावतो आणि सेट खराब म्हणून परत करतो. दिवसा आकाशात खूप उंचावर रेडिओ लाटा परतवणारे जे थर असतात त्यातला सगळ्यात खालचा, डी थर म्हणतात, तो कमी फ्रीक्वेन्सी गिळतो, सूर्य मावळला की तो थर विरून जातो आणि वरच्या थरावरून लाटा परत खाली येतात, एका उडीत दोन-तीन हजार किलोमीटर सहज. कोलंबो आपल्यापासून साधारण अठराशे किलोमीटर, म्हणजे एक उडी. तर संध्याकाळी सहा ते दहा, ४९ पासून २५ मीटरपर्यंत, ही मुख्य वेळ. पहाटेही छान असतं. दुपारी ऐकायचंच असेल तर १९ आणि १६ मीटर, म्हणजे १५ आणि १७ मेगाहर्ट्झच्या आसपास. एखादा दिवस सगळे बँड मेल्यासारखे वाटतील, सूर्यावर स्फोट झाला की असं होतं, दुसऱ्या दिवशी परत बघा.

स्टेशनांची वेळापत्रकं यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात, त्यात साडेपाच तास मिळवा. ती वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे काल लागलेलं आज गायब झालं तर आधी तारीख बघा. कोणत्या आकड्यावर आत्ता काय चालू आहे ते शॉर्ट-वेव्ह डॉट इन्फो वर आकडा टाकला की येतं. एक वही ठेवा, तारीख, वेळ, आकडा, काय ऐकलं. काही स्टेशनं अजूनही रिसेप्शन रिपोर्ट (काय, कधी, कसं ऐकू आलं ते) पाठवला की क्यूएसएल कार्ड, म्हणजे पोचपावतीचं कार्ड, पाठवतात, तुमचं हिशेबी अक्षर तिथे कामाला येईल. सेट आल्या दिवशी संध्याकाळी १०००० दाबून बघा, चीनचं वेळेचं स्टेशन बरेचदा येतं, सेकंदाला एक टिक. ती टिक आली की समजा सेट आणि खिडकी दोन्ही ठीक.

एक मराठी कामाची गोष्ट राहिली. हाच रेडिओ मीडियम वेव्हही घेतो, दिवसा इंदूर आकाशवाणीचं ६४८ लावून सेट तपासा आणि रात्री पुणे ७९२, मुंबईची अस्मिता ५५८ पकडायचा प्रयत्न करा. इथे वर खेचायच्या दांडीचा उपयोग नाही, मीडियम वेव्हची अँटेना सेटच्या पोटात आडवी असते, म्हणून अख्खा रेडिओ हळूहळू गोल फिरवायचा, जिथे आवाज भरतो तिथे थांबायचं. त्याआधी सेटिंग ९ किलोहर्ट्झवर आहे ना बघा, अमेरिकेसाठी १० वर ठेवलेलं असेल तर ही तिन्ही स्टेशनं आकड्यावर नीट बसणारच नाहीत.

आणि तो मर्फी. माळ्यावरून उतरवा, पुसा, पण कृपा करून "बघू चालतोय का" म्हणून प्लगमध्ये घालू नका. व्हॉल्व्हवाला, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला, असेल तर आतले जुने कपॅसिटर इतक्या वर्षांत सुकलेले असतात, एकदम करंट मिळाला की फुटतात आणि सोबत ट्रान्सफॉर्मर घेऊन जातात, ट्रान्सफॉर्मर गेला की मग दुरुस्ती महाग. व्हॉल्व्हचं काम येणारा जुना मेकॅनिक शोधा, महूला सैन्याचं दूरसंचाराचं कॉलेज आहे, तिथून रिटायर झालेली बरीच मंडळी त्या बाजूला आणि इंदूरात राहतात, हॅम लोकांमध्ये विचारलं तर कुणी ना कुणी निघतो. आधी कपॅसिटर बदलायचे, मग हळूहळू व्होल्टेज वाढवत चालू करायचा, असं तो स्वतःच म्हणाला तर माणूस बरोबर आहे, थेट प्लग लावायला निघाला तर सेट उचलून घरी या. मागचं झाकण तुम्ही उघडू नका, काही जुन्या सेटमध्ये आतला लोखंडी सांगाडा सरळ मेन लाइनला जोडलेला असतो.